न वाजणारे बूट

ऊसतोडणी सुरू झाली की माझे तळपाय जागे होतात.

काल संध्याकाळी हडपसरच्या पुढे सोलापूर रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या एका ट्रॅक्टरमागे आमची गाडी अडकली. ट्रॅक्टरवर गाणी मोठ्यानं लागलेली, मागे कंपन्यांच्या बसगाड्या हॉर्न वाजवून हैराण. ट्रॉलीच्या कडेनं लोंबणारं पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं, डांबरावर खरखरत चाललं होतं. मी काच खाली केली आणि ती खरखर ऐकत राहिलो. ब्रेकवर ठेवलेल्या पायाची बोटं बुटाच्या आत आपोआप हलायला लागली होती, खाली काय आहे ते चाचपत असल्यासारखी.

"जागा आहे, काढा की पुढे," शेजारून मेधा, माझी बायको, म्हणाली. मी गाडी काढली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्या ट्रॉलीकडे पाहिलं. "पुन्हा तेच का? अहो, वीस वर्षं होऊन गेली."

"हो."

"मग हसताय कशाला?"

हसत होतो खरा. त्या एका हिवाळ्यात मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट केली आणि त्याच हिवाळ्यात, त्याच उसात, जिचा मला आजही अभिमान वाटतो अशी गोष्टही केली. दोन्ही मला एकाच वेळी आठवतात. त्यामुळे चेहऱ्यावर नेमकं काय येतं ते मलाही कळत नाही. काल बहुधा दुसरी गोष्ट वर आली असावी.

मी शिकारी घराण्यातला वगैरे नाही. निपुत्रिक मामाची दुनळी बंदूक रीतसर अर्ज-विनंत्या करून माझ्या नावावर झाली होती, इतकंच. रविवारी नेमबाजीच्या क्लबात जायचो, कागदावरच्या काळ्या ठिपक्याला भोकं पाडायचो आणि येताना मिसळ खाऊन घरी यायचो. जिवंत कशावर म्हणून कधी गोळी झाडली नव्हती. तरी ऑफिसात माझी ओळख 'बंदूकवाले' अशी होती आणि ती मला आवडायची, हे आधीच कबूल करून टाकतो.

ते दिवसही तसेच मिरवायचे होते. माझी पहिली नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात. मी शिकाऊ इंजिनियर आणि पोपटराव लेथ चालवायचे. मशीन नुसतं कानानं ऐकून 'बेअरिंग गेलंय' सांगणारा माणूस. पुढे बाहेरचा माल यायला लागला, कारखान्यानं माणसं कमी करायला घेतली. पोपटराव स्वेच्छानिवृत्ती घेऊन लोणी काळभोरला आपल्या उसात परत गेले. मी कॉम्प्युटरचा क्लास लावला आणि वर्षभरात सॉफ्टवेअरवाला झालो. ज्या माणसानं मला पाना धरायला शिकवला तो शेतात, आणि मी थंडगार काचेच्या इमारतीत, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवून. वारज्याला फ्लॅट घेतला, कमरेला मोबाइल आला. तो वाजला की मी लगेच उचलायचो नाही. दोनदा-तीनदा वाजू द्यायचो. आपलं सगळं वाजलं पाहिजे, अशी त्या दिवसांत माझी समजूत होती.

सहा महिने कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत राहून आलो. लोक येताना कॅमेरे आणायचे, अत्तरं आणायचे. मी बूट आणले. घोट्याच्या वर जाणारे, पाण्यात उभं राहिलं तरी आत थेंब न येणारे, तळ थेट ट्रॅक्टरच्या चाकासारखा. खास शिकारीचे म्हणून तिथल्या दुकानदारानं गळ्यात मारलेले. घरी आल्यावर मेधानं ते उचलून पाहिले, पुन्हा खोक्यात ठेवले आणि विचारलं, "वारज्यात काय मारणार आहात यांनी? झुरळं?"

उत्तर डिसेंबरात फोनवरून आलं.

"साहेब, रानडुकरांनी ऊस नासवलाय निम्मा," पोपटराव म्हणाले. "वनखात्याचा परवाना काढलाय. दोन डुकरांचा. त्यात बंदूकवाल्याचं नाव लागतंय. तुमचं घातलंय."

"अहो, आधी विचारायचं तरी!"

"आता इचारतोय की."

त्यांचं शेत मुळा-मुठेच्या काठाला. उसाचे दोन तुकडे. अलीकडचा तोडणीला आलेला, पलीकडचा अजून पाणी मागणारा आणि मधे फक्त एक पाट. दुपारी तीनच्या उन्हात मी गाडीतून उतरलो तेव्हा पोपटरावांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या पायात कारखान्यातले जुने कॅनव्हासचे बूट होते, अंगठा बाहेर आलेले.

"बुटं लई भारी," ते म्हणाले. "पन काढा."

"काय?"

"बोलत्यात ती. जनावर काय बहिरं न्हाय."

"काटे आहेत पोपटराव, साप आहेत."

"हायेत की. आमी चालतोच का न्हाय?"

मी काढले नाहीत. काट्यांचं कारण सांगितलं ते निम्मंही खरं नव्हतं. सोमवारी ऑफिसात ही हकिगत सांगायची होती, ती मनात अर्धी तयार होती आणि तिच्यात माझ्या पायात ते बूट होते.

चालायला लागल्यावर कळलं की ते खरंच बोलतात. आतलं अस्तर कुरकुरायचं, टाच उचलली की कुईं व्हायचं, आणि दुपारच्या उन्हात कडकडीत वाळलेलं पाचट त्या जाड तळाखाली पापडासारखं मोडायचं. कडक तळाच्या बुटाचा दोष असा की तो पायाला काहीच कळू देत नाही. खाली काडी होती हे पायाला कळत नाही, ती मोडल्यावर कानाला कळतं. तोवर ते सगळ्यांच्याच कानाला कळलेलं असतं.

डुक्कर बांधाच्या टोकाला जमीन उकरत होता. चाळीस पावलांवरून त्यानं मान वर केली. मला दिसायच्या आधी मी त्याला ऐकू गेलो होतो. तो वळला, पळाला आणि मी पळत्या जनावरावर घाईनं जाड छऱ्यांचा बार टाकला. तो मागच्या पायांवर बसला, उठला आणि पलीकडच्या उसात शिरला.

पोपटराव शेताच्या दुसऱ्या अंगाला, बाभळीपाशी होते. त्यांना काही दिसलं नाही. मी एकट्यानं जाऊन पाहिलं. पाचटावर रक्ताचे तीन थेंब होते आणि चौथा मोठा, रुपयाएवढा.

जखमी जनावर सोडून यायचं नाही, हा नियम क्लबातले म्हातारे सभासद चहा पितानासुद्धा सांगायचे. मी उसाच्या दोन ओळींमधल्या सरीत शिरलो. कड, कड, कुईं. थांबलो की सगळं गप्प. पाऊल टाकलं की पुन्हा माझाच गोंगाट आणि त्या गोंगाटाच्या आड कुठेतरी जड श्वास. मी कुठे आहे हे त्याला प्रत्येक पावलाला कळत होतं, तो कुठे आहे हे मला एकदाही कळत नव्हतं. चाळीस पावलं गेलो. मग परत फिरलो. भ्यायलो, दुसरं काही नाही.

बांधावर पोचलो आणि तो रक्ताचा मोठा थेंब पडलेलं पान मी बुटाच्या टाचेनं चिखलात दाबलं.

पोपटराव आले. "लागली का?"

"नाही. हुकली."

"रगत-बिगत?"

"काही नाही."

"नक्की न्हवं?"

"नक्की."

दोनदा विचारलं त्यांनी. कारखान्यातसुद्धा ते माप दोनदा घ्यायचे.

चौथ्या दिवशी मी मीटिंगमध्ये होतो. फोन वाजला. सवयीप्रमाणे मी तो दोनदा वाजू दिला.

"साहेब, हौसाला डुकरानं फाडलं."

हौसाबाई पोपटरावांची बायको. पलीकडच्या उसात ती पाण्याची दारं धरायला गेली होती. एक सरी भरली की तिचं तोंड फावड्यानं मातीनं बुजवायचं आणि पाणी दुसऱ्या सरीत सोडायचं, हे काम ती लग्न होऊन आल्यापासून करत आलेली. सरीतून डुक्कर सरळ अंगावर आला. डावी पोटरी गुडघ्याखाली फाटली. तिनं फावडं आडवं धरलं म्हणून तेवढ्यावर निभावलं. सतरा टाके पडले.

"आपल्या आपन अंगावर आला बघा," पोपटराव फोनवर पुन्हा पुन्हा म्हणत होते. "असं करत न्हाय डुक्कर. मानूस बघून पळतंय ते. हा का आला आसंल?"

का आला असेल, ते जगात एकट्या मला ठाऊक होतं.

मी मीटिंगमध्ये परत जाऊन बसलो. समोर भिंतीवर रंगीत आलेख होता आणि सगळे त्याच्याकडे पाहत होते. त्या खोलीत गालिच्यावर, नव्या चामड्याच्या खुर्चीत बसून मी एक तास काढला, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. इथे लिहितोय.

दोन दिवसांनी हौसाबाई घरी आली तेव्हा गेलो. पडवीत खाटेवर पाय लांब करून ती गवार मोडत बसली होती. पोपटराव खांबाला टेकून उभे. तोडणीची टोळी येऊन बसली होती, पण उसात शिरायला तयार नव्हती. नदीवरची मोटार बंद होती, पलीकडच्या तुकड्याचं पाणी तुटलं होतं. आत पाऊल टाकायचं कुणी नाव घेत नव्हतं. मी बसलोसुद्धा नाही. उभ्या उभ्या सांगून टाकलं. रक्त, चाळीस पावलं, टाचेखालचं पान, सगळं.

पोपटराव खांबाचा टेका सोडून सरळ उभे राहिले. मग म्हणाले, "मी तुमास्नी इचारलं व्हतं. दोनदा इचारलं व्हतं." आणि आत निघून गेले.

मी हौसाबाईची माफी मागायला लागलो. काय बोलत होतो ते आठवत नाही. लांबलचक काहीतरी असणार. तिनं गवारीची शीर ओढली, शेंग मोडली आणि मधेच म्हणाली, "सायेब, ह्ये ऐकून त्यो डुक्कर भाईर येनार हाय का?"

"नाही."

"मग?" तिनं पहिल्यांदाच वर पाहिलं. "त्यो आत हाय तवर माझ्या घरातलं कुनी बी उसात जायचं न्हाय. तुमी जायचं."

परवान्याचे अजून बारा दिवस उरले होते.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकली आणि लक्ष्मी रोडवर बूट शोधायला निघालो. एका दुकानात पाच जोड काढायला लावले, प्रत्येक कानाशी नेऊन वाकवून पाहिला. दुकानदार चष्म्यावरून पाहत होता.

"काय ऐकताय?" त्यानं विचारलं.

"आवाज न करणारे पाहिजेत."

"आम्ही बूट विकतो. रेडिओ नाही." आणि पाचही जोड खोक्यांत परत गेले.

शाळेतल्या पीटीचे पांढरे कॅनव्हासचे बूट घेऊन पाहिले. ते गप्प होते, पण पोपटरावांच्या बांधावर एकदा पाय ठेवताच जुन्या तोडणीत राहिलेलं उसाचं बुडखं भाल्यासारखं तळातून वर आलं. पातळ तळ बोलत नाही, पण टिकतही नाही. जाड तळ टिकतो, पण आंधळा असतो. दोन्हींच्या मधलं काही तयार मिळत नव्हतं. मग क्लबातल्या एकानं कॅम्पातल्या किसनरावांचं नाव सांगितलं.

बोळातलं दुकान. दोन माणसं उभी राहिली की भरायचं. किसनराव रेसच्या जॉकींचे बूट शिवायचे आणि ज्यांचा एक पाय आखूड आहे अशांचे. मूळचे कोल्हापूरकडचे, साठी उलटलेले. मी माझा अमेरिकन बूट पुढे केला. त्यांनी तो कानाशी धरून अंगठ्यानं दाबला, वाकवला, पिळला.

"हितं बोलतोय," ते म्हणाले. "आणि हितं. अस्तर आणि तळाच्या मधी कोरडं कोरड्यावर घासतंय."

"बरोबर."

"आमच्या वडलांकडं गावोगावचे पाटील यायचे, पायताणं करून घ्यायला. म्हणायचे, आवाज असा घाला की मी वेशीत आलो हे चावडीत कळलं पाहिजे. मग तळाच्या दोन थरांत मुद्दाम कोरडी पट्टी घालायची. चालताना कर्रकर्र करायची. माझं सगळं लहानपण त्या पट्ट्या कापण्यात गेलं." ते हसले. "आणि तुम्ही पहिलं गिऱ्हाईक, आवाज घालवून द्या म्हणणारं."

"जमेल?"

"न जमायला काय झालं? तो कुठं बसतो ते ठाऊक आहे की मला."

पुण्यात त्या वर्षी किती माणसं किती नवं शिकत होती. माझा त्या वर्षातला सगळ्यात मोठा शिक्षक त्या बोळात मिळाला. त्यांनी मला सकाळी माप द्यायला बसूच दिलं नाही. "सकाळचा पाय खोटा असतो, संध्याकाळी या, दिवसभर चालून या." संध्याकाळी कागदावर उभं केलं. आणि नुसतं नाही, हातात त्यांची लोखंडी तिपाई दिली. "कधी हातात वजनही असणार ना? मग पाय तेवढा पसरणार." दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवताना त्यांनी विचारलं, "कशासाठी पाहिजेत?"

सगळं खरं सांगितलं. हौसाबाईला सांगताना मला बसताही आलं नव्हतं. इथे तितका त्रास झाला नाही.

त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. "आठ दिवस लागतात. चार दिवसांत देतो."

त्या बुटांत चकचकीत काही नव्हतं. तेल पाजून मऊ केलेलं कातडं, आत शेळीच्या चामड्याचं अस्तर, तेही तळाशी शिवून एकजीव केलेलं. तळाला ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर आणि दोन थरांच्या मधे लोकरीचा नमदा. एक खिळा नाही, लेसच्या भोकांना धातूची कडी नाही. जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली, म्हणजे आत पाचट शिरायला नको. टाचेला घट्ट, बोटांना मोकळे. मी पाय घातला, उभा राहिलो आणि मला खालच्या फरशीची सांध कळली. बुटातून! मी पाय सरकवून पुन्हा पाहिलं. तीच सांध. इतकी वर्षं मी जमिनीवर चालत होतो असं समजत होतो.

"ओले करा आणि पायातच वाळवा," किसनराव म्हणाले. "मग ते तुमचे होतील. आणि चालायचं मात्र तुम्हालाच शिकावं लागेल. ते मी शिवून देत नाही."

भिजवलेले बूट तसेच घालून ऑफिसला गेलो. गालिच्यावर तर ते किती गप्प, काही विचारूच नका. साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन त्यांच्या खुर्चीमागे उभा राहिलो आणि "सर" म्हणालो, तेव्हा त्यांच्या हातातला चहा थेट कीबोर्डवर गेला. "तू माणूस आहेस की मांजर?" ते ओरडले. माझ्याविषयी ऑफिसात कुणी काढलेला तो सगळ्यात चांगला उद्गार होता.

लोणीहून पोतंभर पाचट आणून मी हॉलमध्ये पसरलं. मेधा माझ्याकडे पाठ करून मटार सोलत बसायची आणि ऐकू आलं की सांगायची.

"ऐकलं."

पुन्हा दारापासून सुरुवात.

"ऐकलं. अहो, हत्ती बरा."

पावलाची बाहेरची कड आधी टेकवायची. करंगळीनं जमीन विचारून घ्यायची. खाली काडी लागली तर पाय उचलून दुसरीकडे. मग हळूहळू बोटं आत वळवत तळवा टेकवायचा आणि अंगाचं वजन सगळ्यात शेवटी सोडायचं. एका पावलाला पंधरा-वीस सेकंद. चाळिशी जवळ आलेला माणूस दिवाणखान्यात उभा राहून चालायला शिकत होता. दोन दिवस मेधा 'ऐकलं' म्हणत राहिली. रविवारी सकाळी मी दारापासून निघालो. पाच पावलं झाली. दहा झाली. ती काही बोलली नाही. मी तिच्या खांद्यावरून हात पुढे घातला आणि वाटीतला एक मटार उचलला.

ती किंचाळली. वाटी उपडी झाली, मटार त्या पाचटात गेले आणि आम्ही दोघं ते वेचताना इतके हसलो की शेजारच्या काकूंनी दार वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना. माझ्या गेल्या दोन आठवड्यांतलं ते पहिलं हसू होतं.

परवान्याचे तीन दिवस उरले असताना पहाटे लोणीला पोचलो. दुपार नाही, उजाडता उजाडता. दव पडून पाचट ओलं झालेलं असतं आणि ओलं पाचट दबतं, मोडत नाही. हे मला पोपटरावांनी सांगितलं नव्हतं, हॉलमधल्या पाचटानं शिकवलं होतं. मी कबूल केल्यापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. माझ्या पायांकडे त्यांनी एकदा पाहिलं, वाकून बूट बोटानं दाबला. एवढंच. नदीवरून धुकं वर येत होतं. त्यांनी बिडी पेटवून धूर सोडला. धूर आमच्याच अंगावर आला, म्हणजे वारा उसाकडून येत होता, आमचा वास आत जाणार नव्हता.

"मी येऊ आत?"

"नको. काम माझं आहे."

पलीकडच्या उसात शिरलो.

त्या दीड तासातलं माझ्याजवळ काय काय आहे! मानेवर थेंब थेंब पडणारं दव. कातडी कापणाऱ्या पानांच्या कडा, ज्या हातानं बाजूला सारायच्या नाहीत, त्यांच्या खालून वाकून जायचं. करंगळीखाली कधी ढेकूळ, कधी वाळका कोंब, कधी गोगलगाय. प्रत्येक वेळी थांबून पाय दुसरीकडे. चाळीस पावलं कधी मागे पडली ते कळलंही नाही. भीती होती, पण ती आता पायात नव्हती. पायांना काम होतं. आणि मला सगळं ऐकू येत होतं. रेल्वेपलीकडचा कोंबडा, पाटाच्या तोंडाशी थबकलेलं पाणी, माझ्या खिशातल्या दुसऱ्या काडतुसाचा कापडाला होणारा स्पर्श. आपण गप्प झाल्यावर जग इतकं बोलत असतं, हे मला तिशी उलटून गेल्यावर कळलं.

आधी वास आला. मग माश्यांची गुणगुण. मग पुढच्या सरीत, बारा पावलांवर, चिखलात पडलेली काळी पाठ.

त्याचा मागचा पाय सुजून दुप्पट झाला होता. मी जे केलं होतं ते माझ्यासमोर श्वास घेत होतं. एक कान हलला, माशी उडवायला. माझ्याकडे वळला नाही. त्याला मी माहीतच नव्हतो. मी आणखी चार पावलं गेलो. आठवर थांबलो. बंदूक वर आली, कानामागची जागा दिसली आणि या वेळी मी घाई केली नाही.

एक बार. तो उठला नाही. पायसुद्धा झाडला नाही.

मला आनंद झाला. हे लिहायला मी इतकी वर्षं कचरत आलो, कारण मारलेल्या जिवाशेजारी उभं राहून आनंद झाला असं सांगणारा माणूस मलाच आवडला नसता. पण झाला. छाती भरून आली, मी त्या चिखलात बसलो आणि मोठ्यानं हाक मारली, "पोपटराव! मिटलं!" अर्धवट टाकून आलेलं काम मी पूर्ण केलं होतं. त्या जनावराला दोन आठवडे मी दिलेलं दुखणं माझ्याच हातानं संपवलं होतं, आणि शेवटच्या क्षणाची भीतीसुद्धा त्याच्या वाट्याला आली नव्हती. हे मला आजही थोर वाटतं.

पोपटराव ऊस बाजूला सारत धडधडत आले. डुकराकडे पाहिलं, त्याच्या मागच्या मांडीवरच्या जुन्या जखमेवर बोट ठेवलं. मग मी आलो त्या सरीकडे वळून पाहिलं.

"दीड घंटा झाला," ते म्हणाले. "आवाज न्हाय, काय न्हाय. मी म्हनलं, सायेब मधीच कुठंतरी झोपलं जनू."

आणि ते हसले. दोन आठवड्यांनी.

वनरक्षक आला, पंचनामा झाला, परवान्याच्या मागे नोंद झाली, नियमाप्रमाणे खोल खड्डा खणून डुक्कर पुरला. हे होईपर्यंत मी पलीकडच्या उसाची सरी न् सरी चालून आलो, तोवर दुपार. टोळी अलीकडच्या उसात शिरली होती. कोयत्यांचे आवाज, बायकांची हाकाटी, उसात कुणीतरी टांगलेल्या रेडिओवरची गाणी. मी बांधावर बसलो होतो, पाय लांब करून.

हौसाबाई घराकडून येताना दिसली. टाके निघाले होते, तरी काठी टेकत, पाय ओढत. पोपटराव पुढे धावले. "अगं, कशाला आलीस? आज राहू दे की."

"हटा," ती म्हणाली.

पलीकडच्या उसाच्या तोंडाशी ती थांबली. आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, परत फिरेल, आणि फिरली असती तर मी तिला काय तोंड दाखवणार होतो? तिनं मान वळवून मला विचारलं, "दुसरा न्हाय न्हवं आत?"

"नाही."

"नक्की?"

"मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आलोय. प्रत्येक सरी. नाही."

तिनं एकदाच विचारलं. काठी माझ्या हातात दिली. "धरा, भाऊ." बांधावरचं फावडं उचलून खांद्यावर टाकलं, लुगड्याचा काठ वर खोचला आणि ती उसात गेली. पानं हलली, बंद झाली, पुढे हलली, आणखी पुढे हलली. आम्ही दोघं श्वास रोखून त्या हलणाऱ्या शेंड्यांकडे पाहत राहिलो.

मग उसाच्या पोटातून, भर दुपारी, अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असा तिचा आवाज आला.

"अवो, मोटार चालू करा की! दोघं बी नुसतं उभंच ऱ्हानार का?"

आम्ही मोटारीकडे पळत सुटलो.